खून तिने केला, हिरो दुसरीला मिळाला

हेडफोन लावलेत ना? आज जाऊ या १९३० च्या दशकातल्या हॉलिवूडमध्ये.

१९३२ चा ‘शांघाय एक्स्प्रेस’. स्पॉइलर देतोय, पण नव्वद वर्षं झाली, आता चालतंय. चँग नावाचा बंडखोर सरदार ट्रेन अडवतो, प्रवाशांना ओलीस ठेवतो, हुई फेई नावाच्या चिनी बाईवर अत्याचार करतो. ती त्याला भोसकून मारते, म्हणून गाडी पुढे निघते. आणि शेवटी हिरोच्या मिठीत कोण? मार्लेन डिट्रिश. हुई फेई आपल्या वाटेने निघून जाते.

ही हुई फेई म्हणजे ॲना मे वाँग. जन्म १९०५, लॉस एंजेलिस. वडिलांची लाँड्री होती. म्हणजे पोरगी अस्सल अमेरिकन, पण पडद्यावर कायम ‘परदेशी’. त्याआधी १९३१ च्या ‘डॉटर ऑफ द ड्रॅगन’मध्ये ती खुनशी फू मांचूची मुलगी होती. बाप झालेला वॉर्नर ओलंड मूळचा स्वीडनचा, मेकअप करून चिनी झालेला! (‘शांघाय एक्स्प्रेस’मधला चँगही तोच, बरं का.) तो पडद्यावर जेमतेम २३ मिनिटं, त्याचे १२,००० डॉलर. सिनेमा जिच्या खांद्यावर, तिला ६,०००. अप्रेझलच्या महिन्यात हा आकडा वाचला आणि मला आमचं ऑफिसच आठवलं.

आता हिरो का मिळायचा नाही, ते बघू. हॉलिवूडने १९३० मध्ये स्वतःसाठी नियम लिहिले, प्रॉडक्शन कोड. १९३४ पासून ते कडक लागू झाले. वेगळ्या वंशाच्या माणसांचं प्रेम दाखवायला बंदी. कागदावर उल्लेख गोऱ्या आणि काळ्यांचा, पण व्यवहारात आशियाई कलाकारांनाही तोच न्याय. आता लॉजिक बघा. हिरो गोरा असणार, कारण स्टार सगळे गोरे. म्हणून हिरोईन आशियाई चालणार नाही. मग आशियाई बाईला उरतं काय? मारणं नाहीतर मरणं. हा बग नव्हता, सिस्टिमच तशी डिझाइन केलेली होती. ‘द गुड अर्थ’च्या वेळी तेच झालं. चिनी शेतकरी झाला पॉल म्युनी, बायकोची भूमिका गेली लुइझ रायनरकडे आणि तिला ऑस्करही मिळालं. ॲनाला देऊ केली नवऱ्याला नादी लावणाऱ्या दुसऱ्या बायकोची भूमिका. तिने नाही म्हटलं.

आणि मग १९३७ च्या शेवटी आला ‘डॉटर ऑफ शांघाय’, माझा लाडका सिनेमा. पॅरामाउंटची बी-फिल्म, कमी पैशांत, तासाभरात संपणारी. सॅन फ्रान्सिस्कोतल्या पुराणवस्तूंच्या व्यापाऱ्याला माणसांची तस्करी करणारी टोळी मारते. त्याची मुलगी लॅन यिंग रडत बसत नाही. नाचणारी बनून टोळीच्या अड्ड्यात शिरते. सोबत सरकारी एजंट किम ली, म्हणजे कोरियन वंशाचा फिलिप आन. दोन मुख्य पात्रं, दोघंही आशियाई अमेरिकन कलाकार! आणि टोळीची सूत्रधार? शहरातली एक श्रीमंत, प्रतिष्ठित गोरी बाई. शेवटी किम ली लॅन यिंगला लग्नाची मागणी घालतो. कोडला आक्षेप घ्यायला जागाच नाही, कारण गोरं कुणी मध्येच नाही. मला वाटतं, सिनेमा स्वस्तातला होता म्हणूनच हे जमलं. मोठ्या बजेटवर ही रिस्क कुणी घेतली नसती.

पण मी उगाच डोक्यावर घेत नाही. सुरुवातीचा सीन बघा. पकडले जाऊ या भीतीने तस्कर विमानाचा खालचा दरवाजा उघडतात आणि आतली माणसं सरळ खाली पडतात. लॅन यिंगला नाव आहे, बाप आहे, सूड आहे. त्या माणसांना साधं नावही नाही. मी तो सीन दोनदा मागे नेऊन पाहिला.

पुढच्या भागात १९३३ चा ‘लेडीज दे टॉक अबाउट’: बायकांचा तुरुंग, बार्बरा स्टॅनविक आणि तिच्यासोबतच्या कैद्यांमध्ये दिसणारी कृष्णवर्णीय अभिनेत्री मॅडम सुल-ते-वान. भेटू!