नक्षीच्या सिमेंट फरश्या : जुन्या घरांतून नव्या घरांत

गिरगाव, दादर, माटुंगा अशा भागांतल्या एखाद्या जुन्या घरात शिरले की आधी नजर जाते ती जमिनीकडे. विटकरी, पिवळट, राखाडी, शेवाळी रंगांच्या चौकोनी लाद्या, चार लाद्या जुळल्या की पुरे होणारे फूल आणि भिंतीच्या कडेने फिरलेला काठ. गेल्या काही वर्षांत हीच नक्षी कॅफेंमध्ये, छोट्या हॉटेलांत आणि नव्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरांत परत आली आहे. दुकानात तिला बहुतेक वेळा ‘मोरोक्कन टाइल्स’ म्हणतात. एकीकडे तिची छापील नक्कल चांगले पैसे मोजून घेतली जाते आणि त्याच वेळी पुनर्विकासाला निघालेल्या इमारतीतली अस्सल लादी राडारोड्याच्या ट्रकमध्ये भरली जाते.

नाव मोरोक्कोचे, जन्म फ्रान्सचा

मोरोक्कोची स्वतःची परंपरा आहे ती झेलिजची. त्यात भाजलेल्या मातीच्या, वर चकाकी दिलेल्या फरशीचे छिन्नीने लहान तुकडे पाडतात आणि ते जुळवून नक्षी बसवतात. सिमेंटची नक्षीदार लादी ही निराळी वस्तू आहे. ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दक्षिण फ्रान्समध्ये तयार होऊ लागली, तिथून स्पेनमध्ये रुजली आणि वसाहती व व्यापाराच्या वाटेने उत्तर आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि आशियात पोहोचली. बार्सिलोनात वास्तुविशारद अंतोनी गौदी यांनी समुद्री जीवांची नक्षी असलेली षटकोनी लादी तयार केली होती. तिच्यावर आधारलेली फरसबंदी आज त्या शहरातल्या पासेज दे ग्रासिया या रस्त्याच्या पदपथावर दिसते.

मुंबईत आधी इंग्लंडहून आलेल्या मिंटन कंपनीच्या फरश्या श्रीमंतांच्या आणि सरकारी इमारतींत बसत. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्या अजूनही पाहता येतात. त्या मातीच्या, भट्टीत भाजलेल्या. १९२२ मध्ये सिधवा कुटुंबाने मुंबईत भारत टाइल्स ही कंपनी सुरू केली. तो स्वदेशीचा काळ होता, आणि परदेशी फरशीला देशी पर्याय देणे हा त्यामागचा एक हेतू होता. त्यानंतरच्या दशकांत मुंबईत जी नवी घरे उभी राहिली, त्यांतल्या अनेकांच्या जमिनीवर सिमेंटच्या लाद्या आल्या.

लादी बनते कशी?

ही लादी भट्टीत जात नाही, तिच्यावर काही छापलेही जात नाही. लोखंडी चौकटीत धातूच्या पट्ट्यांचा साचा ठेवतात. साच्यात नक्षीच्या आकाराचे कप्पे असतात. पांढरे सिमेंट, संगमरवराची पूड आणि खनिज रंग यांचे पातळ मिश्रण प्रत्येक कप्प्यात हाताने ओततात. मग साचा अलगद वर उचलतात. हाताचे कौशल्य लागते ते इथेच, कारण रंग एकमेकांत मिसळले की लादी बाद. त्यावर सिमेंट-वाळूचे कोरडे मिश्रण पसरतात, ते रंगातले जादा पाणी शोषते. मागून जाड थर देऊन दाबयंत्राखाली दाबतात आणि लादी काही दिवस पाण्यात व ओलाव्यात मुरू देतात.

वरचा रंगीत थर साधारण ३ ते ४ मिलिमीटर जाड असतो. पन्नास-साठ वर्षांच्या वावराने तो थोडा झिजला, तरी खाली तोच रंग निघतो. जुन्या लाद्यांवर जी मऊ तकाकी दिसते, ती निम्मी पावलांनी आलेली असते.

या लाद्यांचे रंग थोडे मातकट का असतात, याचे उत्तरही याच कृतीत आहे. सिमेंट अल्कधर्मी असते आणि त्यात बरेच सेंद्रिय रंग टिकत नाहीत. म्हणून लाल, पिवळा, काळा हे रंग लोहाच्या ऑक्साइडांपासून आणि हिरवा क्रोमियमच्या ऑक्साइडापासून घेतात. आज ‘अर्दी’ म्हणून मिरवणारी रंगसंगती बरीचशी या रसायनाची देणगी आहे.

तमिळनाडूतल्या चेट्टिनाड भागातल्या अत्तंगुडी गावच्या लाद्या याच कुळातल्या आहेत, पण तिथे यंत्राचा दाब नसतो. काचेवर साचा ठेवून रंग ओततात. लादी सुकून सुटते तेव्हा काचेचा गुळगुळीतपणा तिच्या अंगावर उतरलेला असतो.

नक्षी निवडताना

जुन्या घरांतली मांडणी साडीसारखी असे: मधे अंग, कडेने काठ. मुंबईत आणि गोव्यातही अनेक जुन्या बैठकीच्या खोल्यांत ती दिसते. आजचे लोक बहुधा काठ गाळतात आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच नक्षी लावतात. त्यामुळे लहान खोली आणखी गजबजलेली वाटते. साध्या लाद्यांचा काठ घेतला तर नक्षीच्या लाद्या कमी लागतात, खर्च वाचतो आणि डोळ्याला विसावाही मिळतो.

एक लादी हातात धरून निर्णय घेऊ नये. किमान नऊ ते सोळा लाद्या जमिनीवर मांडून, उभे राहून, दिवसाच्या उजेडात पाहाव्यात. हातात सुंदर दिसणारी ठळक काळी-पांढरी नक्षी जमिनीवर पसरली की काही वेळा नुसती चळवळते. जमीन बोलकी असेल तर पडदे आणि भिंती गप्प हव्यात. भिंतीचा रंग लादीतल्याच सर्वांत फिक्या रंगावरून घेणे ही सोपी आणि सहसा न चुकणारी वाट.

अस्सल लादी ओळखायची तर कड पाहावी. रंग जाड थरात दिसला तर ती सिमेंटची, वर नुसता पापुद्रा असेल तर छापील सिरॅमिक. छापील मालात ‘झिजल्याचे’ डागही काही ठराविक लाद्यांवर हुबेहूब तेच असतात. छापील लादी घेण्यात काही गैर नाही, ती स्वस्त असते आणि न्हाणीघरात कमी कटकटीची असते. फक्त हाताने बनवलेल्या मालाची किंमत तिच्यासाठी देऊ नये.

बसवणे आणि निगा

सिमेंटची लादी १६ ते २० मिलिमीटर जाड असते. वजन चौरस फुटाला सुमारे ४ किलो. त्यामुळे आहे त्या फरशीवर दुसरा थर चढवण्याआधी, विशेषतः जुन्या इमारतीत, स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारणे गरजेचे आहे. दाराच्या फळ्याही खालून तासाव्या लागतात, आणि हे सुताराला बोलावेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

लादीला सूक्ष्म छिद्रे असतात. म्हणून सांधे भरण्याआधी सीलर लावून घ्यावा, नाहीतर गडद ग्राउटचे डाग फिक्या रंगात कायमचे उतरतात. लिंबू, व्हिनेगर आणि संडास साफ करायचे ॲसिड ही तिची खरी दुश्मने, कारण आम्लाने सिमेंटचा थर खाल्ला जातो. काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला मिस्त्री सवयीने ॲसिडची बाटली उघडतो, तेव्हा तिथे हजर राहिलेले बरे.

इमारत पाडायच्या आधी

पुनर्विकासात इमारत एकदा ताब्यात दिली की आतल्या दारे-खिडक्या, लाकूड, फरशी यांवर बहुधा पाडकाम करणाऱ्याचा हक्क सांगितला जातो. लाद्या हव्या असतील तर करार होण्यापूर्वी सोसायटीत विषय काढून तसे लेखी नमूद करून घ्यावे. चुन्यात बसवलेल्या लाद्या पातळ छिन्नीने बऱ्याच शाबूत निघतात, सिमेंटमध्ये बसवलेल्यांतल्या पुष्कळशा फुटतात. कोपऱ्यातल्या किंवा कपाटाखालच्या एखाद्या लादीवर आधी प्रयोग करून पाहावा. काढण्यापूर्वी जमिनीचे वरून फोटो घ्यावेत आणि काठाच्या व कोपऱ्याच्या लाद्यांवर मागून खडूने खुणा कराव्यात, कारण त्या मोजक्याच असतात. नव्या घरात सबंध खोलीला पुरतील एवढ्या लाद्या वाचल्या नाहीत, तरी देवघरासमोर किंवा बाल्कनीत एक चौक सहज बसतो.