ताऱ्यांची यादी लिहिणाऱ्या बायका



आता काही शाळांत कॉम्प्युटरवर चालणारी दुर्बीण आलेली दिसते. बटण दाबलं की ती आपली आपण शनीकडे वळते. पण आधी तिला आकाशाची ओळख करून द्यावी लागते. गाव, तारीख, वेळ भरायची. मग दोन ठळक तारे एकामागून एक बरोबर मधोमध आणायचे आणि त्यांची नावं सांगायची. त्या दोन खुणांवरून ती बाकीचं आकाश मोजते. तारा चुकीचा दाखवला, तर पुढचं सगळंच चुकतं.

दुर्बिणीच्या पोटात हजारो ताऱ्यांची यादी असते. अशा याद्या पूर्वी हातानं लिहिल्या जायच्या. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे यंत्र नव्हतं, आकडेमोड करणारं माणूस होतं. अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत तर हे काम बायकाच करत. आठवड्याचे सहा दिवस काम आणि तासाला साधारण पाव डॉलर मजुरी.

विल्यमिना फ्लेमिंग त्यांतल्याच एक. स्कॉटलंडहून आलेल्या, पोटुशी असताना नवऱ्यानं टाकलेल्या. वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांच्या घरी त्या घरकामाला लागल्या. 1881 मध्ये पिकरिंगनी त्यांना वेधशाळेत घेतलं. ताऱ्यांचे फोटो काचेवर उतरवलेले असत. भिंगातून त्यांतल्या बारीक रेघा पाहून ताऱ्याची जात ठरवायची, हे त्यांचं काम. 1890 मध्ये दहा हजारांवर ताऱ्यांची यादी छापून आली. बहुतेक काम फ्लेमिंगबाईंचं होतं, यादी मात्र पिकरिंग यांच्या नावावर निघाली. या कामाला पैसाही एका बाईनंच दिला होता. अ‍ॅना ड्रेपर यांनी, नवऱ्याच्या आठवणीसाठी. 1900 साली फ्लेमिंगबाईंनी रोजनिशीत लिहून ठेवलं की आपल्याला वर्षाला 1500 डॉलर मिळतात आणि काही पुरुष मदतनिसांना 2500.

त्यांच्यानंतर अ‍ॅनी जंप कॅनन. त्यांना ऐकू कमी यायचं. नजर मात्र अशी तयार, की मिनिटाला तीन ताऱ्यांची जात सांगत. 1918 ते 1924 या काळात त्यांची सव्वादोन लाख ताऱ्यांची यादी नऊ खंडांत निघाली. त्या यादीतले क्रमांक आजही चालतात. कॅननबाई 1896 मध्ये कामाला लागल्या. विद्यापीठानं त्यांना रीतसर पद दिलं 1938 मध्ये!

मैत्रिणींनो, आपल्या गटाच्या वहीत काम कुणी केलं ते लिहिताना हे ध्यानात ठेवू या. जिनं केलं, तिचंच नाव.

आणि तारे आपल्याला परके नाहीत. रोहिणी, मृग ही नावं पेरणीमुळे आपल्या तोंडी आहेत. मृग लागतो तेव्हा सूर्यच त्या ताऱ्यांपाशी असतो, म्हणून ते तेव्हा दिसत नाहीत. ते पाहायचे थंडीत. जानेवारीत रात्री आठच्या सुमाराला पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहा. एका ओळीत तीन तारे दिसतील, तो मृगाचा बाण. ती ओळ वर वाढवली की तांबूस रोहिणी, खाली वाढवली की सगळ्यांत तेजस्वी व्याध.

दुर्बिणीला दाखवायचे दोन तारे म्हणून हेच दोघे चालतात. तिच्या पडद्यावर रोहिणीचं नाव अल्डेबरान आणि व्याधाचं सिरियस असं येतं, एवढं लक्षात ठेवा. शाळेत दुर्बीण लावतील तेव्हा मुलांच्या मागे उभ्या राहू नका. पहिला तारा तुम्ही दाखवा.