डबीवरील आंकडा

ऊन रोखणारें मलम निवडतांना आपली सारी भिस्त डबीवरील आंकड्यावर असते. हा आंकडा जन्मला तो दाहांतून. १९३८ सालीं आल्प्समधील पिझ बुइन शिखरावर फ्रान्झ ग्राइटर हा रसायनशास्त्राचा विद्यार्थी उन्हानें होरपळला, असें सांगतात. १९४६ सालीं त्यानें आपलें मलम बाजारांत आणलें आणि १९७४ सालीं या मोजमापाचा पुरस्कार केला. मलम लावल्यावर त्वचा लाल होण्यास किती पट ऊन लागतें, एवढेंच तें सांगतें. कसोटीच्या वेळीं दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम मलम लावतात. घरीं इतकें कोण लावतो! शिवाय कसोटी घेतात ती लवकर भाजणाऱ्या गोऱ्या त्वचेवर. गव्हाळ वा सांवळ्या त्वचेवर लाली सहसा ठळक दिसत नाहीं. तिची तक्रार बहुधा वांगाची. वांग गडद होतो तो दीर्घ लहरींच्या अतिनील किरणांनीं व दृश्य प्रकाशानेंहि. त्या किरणांसाठीं जपानांत १९९६ सालीं 'पीए' ही अधिक-चिन्हांची निराळी खूण आली. दृश्य प्रकाश अडवावयाचा तर लोहाच्या ऑक्साइडनें रंगविलेलें मलम घ्यावें. बिनरंगी मलमांतून तो बराचसा पार होतो.