स्वस्त कथील कुठे मिळतं? गोळी, घंटा आणि आजीचं पातेलं

हा या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. कळवा-मुंब्र्याच्या मध्ये नेटवर्क गेलं की अर्धा भाग ऐकायचा राहतो अशी तुमची तक्रार असते, म्हणून ज्यांचं ऐकायचं राहिलं त्यांच्यासाठी.

सुरुवात आमच्या डोंबिवलीच्या घरापासून. आजीचं एक पितळेचं पातेलं आहे. गेल्या दिवाळीआधी मी हौसेनं त्याला कल्हई करून आणली. पातेलं आरशासारखं चकाकत होतं, आणि पैसेही कमी लागले. मी खूश! आजीनं आतून बोट फिरवलं. बोट काळपट झालं. "यात शिसं आहे. आमटी नको करायला," एवढंच म्हणून तिनं पातेलं माळ्यावर ठेवून दिलं.

मी परत त्या कल्हईवाल्या काकांकडे गेलो. भांडायला नाही, विचारायला. त्यांनी सरळ सांगितलं, "दादा, नुसतं कथील परवडत नाही. जुन्या रेडिओ-टीव्हीचा डाख वितळवून मिसळतो." डाख म्हणजे आपलं सोल्डर. बीटेकच्या लॅबमध्ये मी तीच तार वापरायचो: साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं. शुद्ध कथील 232 अंशांना वितळतं, शिसं 327 ला, आणि दोन्ही या प्रमाणात एकत्र आली की 183 अंशांच्या आसपासच पाणी होतात. सर्किटसाठी वरदान, पातेल्यासाठी विष.

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात बसला. आपल्या भागात स्वस्त कथील कधी मिळत होतं का?

उत्तर शोधताना पहिली गोष्ट कळली ती ही, की महाराष्ट्रात कथलाच्या खाणीच नाहीत. आज भारतात ते निघतं छत्तीसगडच्या बस्तर भागात, तेही थोडंच. म्हणजे आपल्याकडे कथील कायम बाहेरूनच आलं.

आता कल्याणला चला. दोन हजार वर्षं मागे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात 'कल्लिएना' बंदर येतं. तो सांगतो की तिथे येणाऱ्या ग्रीक जहाजांना अडवून पहाऱ्यात भडोचला नेलं जाई. आणि भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत काय आहे? दारू, पोवळं, आणि एका ओळीत तांबं, कथील, शिसं. त्याच काळात सातवाहनांची नाणी शिशाची होती, आणि पोटिनचीही, म्हणजे तांबं, कथील आणि शिशाच्या मिश्रणाची. खिशातला पैसाच आयात धातूचा! कान्हेरीच्या लेण्यांमध्ये कल्याणच्या दात्यांचे शिलालेख आहेत, त्यांत सोनारही आहे. धातूवर चालणारं गाव होतं ते.

पुढे कथील पूर्वेकडून येऊ लागलं. मलय द्वीपकल्पातल्या 'कलाह' बंदराचं नाव अरबांनी कथलाला दिलं, 'कलई'. आपली कल्हई तिथूनच आली. आजीच्या पातेल्यावर मलेशियाचा पत्ता लिहिलाय, बघा.

आता गोळीकडे येऊ. शिशाची गोळी ओतताना थोडं कथील घातलं, की रस साच्यात नीट पसरतो आणि गोळी जरा कडक होते. पण कथील महाग. आजही ते शिशाच्या दहा पटींहून महाग आहे. त्यामुळे तोड्याच्या बंदुकीला मऊ, साधं शिसंच चालवून घेत. तेही विकतच घ्यावं लागे. 1673 च्या सुमारास शिवाजी महाराजांनी फ्रेंचांकडून 80 तोफा आणि बंदुकांना पुरेल इतकं शिसं घेतल्याची नोंद आहे. कथील लागायचं ते तोफेला. काशाच्या तोफेत सुमारे दहा टक्के कथील असतं, बाकी तांबं.

मग प्रश्न असा, की तोफ ओतणाऱ्याला कथील स्वस्तात मिळवायचं झालं तर कुठे मिळेल? उत्तर सोपं आहे: कुणीतरी आधीच ओतलेल्या वस्तूत. आणि त्या काळी कथलाचा सगळ्यांत मोठा तयार साठा डोक्यावर टांगलेला असे. चर्चची घंटा! घंटेच्या काशात जवळजवळ पाचवा हिस्सा कथील असतं. म्हणजे 100 किलोची घंटा फोडली की 20 किलो कथील हातात. युरोपात तर शहर जिंकलं की तिथल्या घंटांवर तोफखान्याच्या प्रमुखाचा हक्क, अशी रीतच होती. फ्रेंच क्रांतीत घंटा वितळवून तोफा आणि नाणी पाडली.

आता ठाण्याला या. मार्च 1737 मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून ठाणं घेतलं. तिथला किल्ला आजही आहे, त्यात मध्यवर्ती कारागृह आहे. मे 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. साष्टी-वसईचा पट्टा चर्चनी भरलेला, आणि मराठ्यांना तोफांची भूक. म्हणजे हातात फुकटचं कथील!

पण घंटा कुठे गेल्या? नाशिकला नारोशंकराच्या देवळात जा. तिथली घंटा 1721 ची, पोर्तुगीज. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याशेजारच्या देवळात 1707 ची घंटा आहे. भीमाशंकरलाही एक आहे. म्हणजे यांतली एकही फोडली नाही, देवापुढे बांधली.

का? माझ्या मते, वितळवलेल्या घंटेची तोफ झाली असती तर ती इतर तोफांसारखीच एक तोफ झाली असती. टांगलेली घंटा रोज सांगते, वसई आम्ही घेतली. विजयाची खूण त्यांना त्या कथलाहून मोलाची वाटली असावी.

आणि इथे मला आजीचं पातेलं आठवलं. स्वस्त कथील म्हणजे कायम जुनं कथील, आणि जुन्यासोबत आधीच्या वापरातलं काहीतरी येतंच. घंटेतून आलं तर तांबं, डाखातून आलं तर शिसं. गोळी ओतणाऱ्याला कथील मिसळलेलं शिसं हवंच असतं. आमटीला ते चालत नाही, आणि ज्या घरात लहान मूल आहे तिथे तर अजिबात नाही. धातू तोच, तो कशासाठी वापरतो ते महत्त्वाचं.

तुमच्या हातातल्या फोनमध्येही कथील आहे. 1 जुलै 2006 पासून युरोपनं इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशावर निर्बंध आणले, आणि तेव्हापासून बहुतेक सोल्डर जवळजवळ निव्वळ कथलाचं झालं. जुन्या टीव्हीचं मात्र तसं नाही.

म्हणून कल्हई करायला गेलात तर एक करा. कथलाची पट्टी कानाजवळ धरून वाकवायला सांगा. शुद्ध कथील वाकताना बारीक करकरतं, शिसं जास्त असेल तर ते करकरणं कमी होतं. मी यंदा असंच केलं. पट्टी करकरली, पैसे तिप्पट गेले. आजीनं आत बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं, आणि पातेलं गॅसवर ठेवलं.

भेटू पुढच्या भागात. तोवर माळ्यावरची भांडी एकदा खाली काढून बघा.