गायरान सर्वांचे, राबणारा कोण?

गावचे गायरान कोणा एकाच्या मालकीचे नसते. तेथे साऱ्या गावाची गुरे चरतात. आणि म्हणूनच कुंपण घालू पाहणाऱ्यावर साऱ्या गावाची नजर असावी लागते. संगणकाच्या जगातही असेच एक गायरान उभे राहिले. त्याचा इतिहास आम्हां कामगार चळवळीतील माणसांस विशेष जवळचा वाटतो.

प्रारंभी संशोधक आपल्या आज्ञावली एकमेकांस मोकळ्या मनाने देत. पुढे कंपन्यांनी त्या कुलूपबंद केल्या. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांस हे रुचले नाही. १९८३ साली त्यांनी ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीची घोषणा केली आणि १९८४ च्या जानेवारीत नोकरी सोडली.

परंतु नुसते ‘घ्या’ म्हणून भागत नाही. फुकट मिळालेल्या वस्तूत चिमूटभर भर घालून तिला पुन्हा कुलूप लावणारा निघतोच. यावर १९८९ साली स्टॉलमन यांनी तोड काढली. कॉपीराइटचा कायदा त्यांनी मोडला नाही. तो उलटा फिरवला. त्यांचा परवाना सांगतो : वापरा, बदला, विकासुद्धा, मात्र बदललेली आज्ञावली दुसऱ्यास देताना तिची मूळ संहिताही याच अटींवर द्या. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स लिहिले व १९९२ मध्ये ते याच परवान्याखाली आणले. आज आपल्या खिशातील अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो.

मालकीचा प्रश्न असा सुटला, मजुरीचा राहिला. २०१४ च्या एप्रिलमध्ये ‘ओपनएसएसएल’ या दुसऱ्या एका सामाईक आज्ञावलीत ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघड झाला. जगातील असंख्य संकेतस्थळांची गुपिते ती राखीत होती. तिच्यासाठी पूर्ण वेळ राबणारा मात्र एकच मनुष्य होता, आणि देणग्या येत त्या वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर! त्या गायरानावर पोसलेल्या मोठ्या कंपन्यांना गुराख्याची आठवण तेव्हा झाली. मग त्यांनी वर्गणी काढून निधी उभारला.

आम्ही यातून एवढेच घेतो. सामाईक म्हणजे बेवारशी नव्हे. परवान्याने कुंपण अडते, चूल पेटत नाही. जे सर्वांचे आहे, त्यावर राबणाऱ्याची भाकरी हीदेखील सर्वांचीच जबाबदारी आहे. ती संकट येईपर्यंत दात्याच्या लहरीवर सोडता कामा नये.