लेखनसीमा : मराठी आदराची आणि आटोपशीरपणाची गोष्ट

मराठी माणूस फटकळ आणि त्याची भाषा रोखठोक, असे आपण स्वतःविषयी थोड्या कौतुकानेच सांगतो. थोडक्यात बोलायचे तर तोडून बोलावे लागते आणि आदराने बोलायचे तर लांबण लावावी लागते, अशी समजूत या कौतुकामागे असते. जुनी कागदपत्रे चाळली की ही समजूत टिकत नाही. आदर आणि आटोपशीरपणा एकाच कागदावर नांदवण्याची रीत मराठीत शतकानुशतके होती. ती कशी होती, कोणाच्या वाट्याला आली आणि कोणाला नाकारली गेली, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

चिंचवडपासून सुरुवात करणे सोयीचे आहे. पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी आणि गावात मंगलमूर्ती वाडा असलेले हे ठिकाण. इथल्या देव घराण्याला इनामे मिळाली, ती राखण्यासाठी पिढ्यान् पिढ्या सनदा, आज्ञापत्रे, तक्रारी आणि विनंत्या लिहाव्या लागल्या. लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाने 1989 साली केंब्रिजहून प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या घराण्याचा आणि राजसत्तेचा संबंध तपशिलाने मांडला आहे. राज्ये बदलली, पण संस्थानाला प्रत्येक नव्या सत्तेशी बोलावेच लागले. दूरच्या माणसाशी बोलणे म्हणजे तेव्हा पत्रच. म्हणून संभाषणाच्या रीतीचा इतिहास शोधायचा तर पत्राकडे वळावे लागते.

मराठी पत्राचे तीन भाग असत. वरचा मायना, मधला मजकूर आणि शेवटचा समारोप. ‘मायना’ हा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ ‘अर्थ’ असाच आहे. कोणाला कसे लिहायचे हे ठरलेले असे. वडिलांना ‘तीर्थरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’, सरदाराला ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’. त्याखाली दंडवत, नमस्कार किंवा आशीर्वाद, आणि ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे’ एवढी विचारपूस. मग ‘विशेष’ हा शब्द आला की वाचणाऱ्याने समजावे, आता कामाचे सुरू झाले. हेमाडपंतांच्या नावावर सांगितले जाणारे मेस्तक आणि लेखनप्रशस्तीसारखे ग्रंथ कारकुनाला हीच शिस्त शिकवण्यासाठी होते.

या ठरीव शब्दांना आपण आज पाल्हाळ म्हणू. प्रत्यक्षात त्यांनी पाल्हाळ वाचवला. आदर किती आणि कोणत्या शब्दांत दाखवायचा, याचा विचार लिहिणाऱ्याला दर वेळी करावा लागत नसे. तो आधीच ठरलेला असल्याने मधला मजकूर मोकळा राही. तिथे मग आर्जव नाही की प्रस्तावना नाही: अमुक गावचा ऐवज पोचला नाही, पाठवणे, अमुक माणूस येतो, त्याचे काम करणे. मोडीत तर मायन्याचेही संक्षेप झाले आणि ते पुढे बालबोधीतही टिकले. ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजश्री, ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, ‘अ. उ. आ.’ म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. चार अक्षरांत अख्खा दंडवत मावू लागला.

शेवटाचीही तशीच सोय होती. ‘बहुत काय लिहिणे, सुज्ञ असा’ या शब्दांत दोन गोष्टी साधत: मी थांबतो आहे, आणि तुम्ही जाणते असल्याने अधिक सांगण्याची गरज नाही. थांबण्याचे कारण समोरच्याच्या शहाणपणात शोधायचे, ही मोठी नजाकत आहे. त्यापुढे ‘लेखनसीमा’. शिवाजी महाराजांच्या पत्रांत माथ्यावर मुद्रा आणि अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब असे. त्याचा व्यवहारी उपयोग उघड आहे. मजकूर जिथे संपला तिथे मोर्तब झाले की खाली कोणाला एक ओळही घुसडता येत नाही. पण शब्दांचा अर्थ पाहा: ही मर्यादा शोभते.

बोलण्याच्या रीतीविषयी दरबाराबाहेरही विचार होत होता. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास मूर्खलक्षणांचा आहे. त्यात आपली आपण स्तुती करणारा आहे, तसाच दोघे बोलत असताना मध्ये जाऊन बसणारा तिसराही आहे. दोन्ही आजच्या कोणत्याही बैठकीत सापडतील.

पुढे आटोपशीरपणाला इंग्रजी टपालाने हात दिला. 1 जुलै 1879 रोजी हिंदुस्थानात पोस्टकार्ड आले, किंमत पाव आणा. पुढच्याच वर्षी टपाल खात्याने मनिऑर्डर सुरू केली. कार्डावर जागा बेताची आणि मजकूर उघडा, वाटेत कोणीही वाचावा असा. त्यामुळे मायना अक्षरांवर आला आणि शेवट ‘कळावे, लो. अ. ही वि.’ एवढ्यावर, म्हणजे ‘लोभ असावा ही विनंती’. मनिऑर्डरच्या फॉर्मवर मजकुराला त्याहून कमी जागा. पैसे कशासाठी, प्रकृती कशी, सुट्टीला कधी येणार, हे दोन ओळींत बसवावे लागे.

इथवरची गोष्ट कौतुकाची झाली. तिची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. मायना माणूस ओळखत असे, पण त्याआधी त्याची पायरी ओळखत असे. कोणी कोणाला नमस्कार करायचा, कोणी दंडवत, कोणी जोहार, हे जातीने ठरत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली प्रसिद्ध केलेल्या, जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील भाषणात मुंबईच्या सोनारांचे उदाहरण दिले आहे. सोनार ‘नमस्कार’ म्हणू लागले हे पेशव्यांना रुचले नाही. त्यांनी आपल्या राज्यात ते बंद पाडलेच, शिवाय मुंबईच्या सोनारांनाही मनाई व्हावी म्हणून ईस्ट इंडिया कंपनीकडून हुकूम काढवून घेतला. एका शब्दासाठी दोन सरकारे हलली. ज्यांच्या वाट्याला ‘जोहार’ आला त्यांच्यासाठी तर अभिवादन म्हणजे दिवसातून अनेकदा आपली पायरी आपल्याच तोंडाने सांगणे होते.

बायकांच्या बाबतीत हाच न्याय घरात चालला. वडिलांना ‘अहो’ आणि आईला ‘अगं’ म्हणणारी घरे अजूनही आहेत. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, म्हणून ‘इकडून येणं झालं का’ अशी कर्ता लपवणारी वाक्ये घडली. रमाबाई रानडे यांनी 1910 साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत न्यायमूर्तींचा उल्लेख ‘स्वतः’ या शब्दाने केला आहे. पुढे 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाई आपल्या पतीला सरळ ‘टिळक’ म्हणतात. त्यात आदर कमी झाला आहे असे ते पुस्तक वाचणारा कोणी म्हणणार नाही. एक आडपडदा मात्र गेला.

मग आदर खरा कोणता, हे ओळखायचे कसे? एक साधी कसोटी लावून पाहता येते: अभिवादनाला उत्तर काय येते? ‘जोहार’ला उत्तर म्हणून ‘जोहार’ येत नसे. ‘साष्टांग नमस्कारा’ला ‘आशीर्वाद’ येई. उलट ‘रामराम’ला ‘रामराम’च येतो. वारीत वय, हुद्दा न पाहता माणसे एकमेकांच्या पाया पडतात आणि दोघेही दोघांना ‘माउली’ म्हणतात. आणि ‘जय भीम’ला उत्तर ‘जय भीम’. हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय कामठीचे कार्यकर्ते बाबू हरदास (1904–1939) यांना दिले जाते. दोनच शब्दांचे हे अभिवादन मायन्याइतकेच ठरीव आणि त्याहून आटोपशीर आहे. त्याने जुन्या रीतीतला संक्षेप ठेवला, पायरी काढून टाकली. मराठी संभाषणाच्या इतिहासात ही क्रांतीच म्हटली पाहिजे, आणि ती शब्दकोशात किंवा व्याकरणात झाली नाही, रस्त्यात समोरासमोर झाली.

चिंचवडच्या परिसरात ही सगळी रूपे पुढे एकत्र नांदू लागली. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ आले, 1970 साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कोकण, सातारा-कोल्हापूर, सगळीकडची माणसे कॉट बेसिसच्या खोल्यांत एकत्र राहू लागली. एकाचे ‘भाऊ’, दुसऱ्याचे ‘पाव्हणं’, तिसऱ्याचे ‘अण्णा’. एकाच्या गावी ‘तू’ जिव्हाळ्याचे, दुसऱ्याच्या गावी तेच अपमानाचे. गावाकडे जन्मापासून ठाऊक असलेली पायरी इथे शेजारच्या यंत्रावरच्या माणसाला ठाऊक नव्हती. तुकोबांची पालखी दर वर्षी आकुर्डीत मुक्कामाला येते तेव्हा हीच माणसे एकमेकांना ‘माउली’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकात ‘साहेब’ आणि ‘अरे’ पुन्हा सुरू होते.

2013 साली तार बंद झाली, पोस्टकार्ड क्वचित दिसते, आणि मोबाइलवरच्या निरोपाला जागेची मर्यादाच उरलेली नाही. मायना गेला याचे दुःख करण्याचे कारण नाही; त्याच्याबरोबर पुष्कळ अन्यायही गेला. पण त्याच्या आत तीन सवयी होत्या. आधी समोरच्याला नावाने किंवा नात्याने ओळखावे, मग एका शब्दाने कामाकडे वळावे, आणि काम सांगून झाले की थांबावे. ‘जय भीम’ने दाखवून दिले की पहिली सवय पायरीशिवायही पाळता येते. दुसरीसाठी ‘विशेष’सारखा शब्द आपल्याला पुन्हा शोधावा लागेल. तिसरीसाठी मात्र काही नवे शोधायला नको. ‘सुज्ञ असा’ म्हणून थांबणारा कारकून वाचणाऱ्याच्या समजुतीवर विश्वास टाकत होता. तेवढा विश्वास आज आपण समोरच्यावर टाकतो का, हे आपला प्रत्येक लांबलेला निरोप सांगत असतो.