खानदेशांतील गुरुजी आणि त्यांचीं साधनें

शाळेंत एखादें नवें साधन आलें म्हणजे त्याचा समारंभ होतो; तें वापरण्यास गुरुजी कोणीं आणि कसा तयार केला, याची नोंद मात्र सहसा कोणी ठेवीत नाहीं. धुळें, नंदुरबार आणि जळगांव या तीन जिल्ह्यांच्या, म्हणजे जुन्या खानदेशाच्या, प्राथमिक शिक्षणाचा इतिहास चाळतांना ही उणीव आम्हांस वारंवार जाणवली. गेल्या दोनशें वर्षांत येथील शाळांचीं साधनें निदान तीनदां पालटलीं. प्रत्येक वेळीं साधनाची आणि गुरुजीची गांठ कशी पडली, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

पंतोजीच्या शाळेंत मूल प्रथम धूळपाटीवर बोट फिरवी. ही धूळपाटी दिसते तितकी दीन नव्हे. मद्रासेस अनाथ मुलांची शाळा चालविणाऱ्या अँड्र्यू बेलनें मलबारी मुलांना वाळूंत अक्षरें गिरवितांना पाहिलें, ती रीत आपल्या शाळेंत आणिली, मोठ्या मुलांनीं धाकट्यांस शिकवावयाचें ही तोड तिला जोडली, आणि १७९७ सालीं लंडनमध्यें या प्रयोगावर पुस्तक छापलें. त्याच धर्तीची पद्धति जोसेफ लँकॅस्टरनें इंग्लंडांत गाजविली, व अखेर मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीनें ती आपल्याकडे आणिली. आपलीच वाळू समुद्रापलीकडून नवी विद्या म्हणून परत यावी, यांत गंमत आहे खरी. पण मंडळीनें केलेली एक गोष्ट गंमतीची नव्हती. तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनीं मराठींत गणिताचीं पुस्तकें सिद्ध केलीं, आणि १८२६ सालीं २४ शिक्षक मुंबईस तयार करून, १४ मराठी आणि १० गुजराथी, प्रांतांत धाडून दिले. पुस्तक, पद्धति आणि माणूस हीं तिन्ही एकाच ठिकाणीं घडलीं होतीं. नव्या चालीची सरकारी शाळा पुढें खानदेशांत रुजली ती याच वाटेनें. दगडी पाटी, फळा आणि नकाशा आले. व्हर्नाक्युलर फायनल झालेल्या मास्तरांस ‘ट्रेंड’ करण्याकरितां धुळ्यासहि ट्रेनिंग कॉलेज निघालें. त्या काळच्या ट्रेंड मास्तराची छडी आम्हांस प्रिय नाहीं, परंतु फळ्यावरील त्याचें अक्षर आणि नकाशा काढणारा त्याचा हात यांबद्दल आदर वाटल्यावांचून राहत नाहीं. फळा कसा वापरावा, हें त्याला कोणींतरी बसवून शिकविलें होतें.

दुसरें साधन आलें तें तकली. १९३६ च्या डिसेंबरांत फैजपुरास खेड्यांतली पहिली काँग्रेस भरली. पुढल्याच वर्षीं वर्ध्यास शिक्षणपरिषद झाली, आणि डॉ. झाकीर हुसेन समितीनें मूलोद्योगी शिक्षणाची योजना मांडली. मुंबई प्रांतांत बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानें कांहीं निवडक टापूंत या शाळा उघडण्याचें ठरविलें. पूर्व खानदेश हा त्यांपैकीं एक. कापूस पिकविणाऱ्या मुलखास सूत शिकविणें यांत नवल तें काय, असें वाचक म्हणतील. परंतु योजनेचा प्राण सुतांत नव्हता, समवायांत होता. तकलीवर निघालेली एक तार म्हणजे चार फूट, आणि अशा ६४० तारांची एक गुंडी. या दोन आंकड्यांत गुणाकार आहे, भागाकार आहे, मापांचें कोष्टक आहे. कापूस कोठून येतो यांत भूगोल आहे, आणि मँचेस्टरचें कापड कां आलें यांत इतिहास आहे. हें सारें हातांतल्या तकलींतून काढून मुलापुढें ठेवणारा गुरुजी म्हणजे केवळ उत्तम सूत कातणारा नव्हे.

समितीला याची जाणीव होती. तिनें शिक्षकाकरितां तीन वर्षांचा पुरा अभ्यासक्रम सांगितला, आणि निकडीची गरज म्हणून एक वर्षाचा आंखूड. आंखूड वाट असली म्हणजे सरकार लांब वाटेनें जात नाहीं, हा आमच्या देशांतला सार्वत्रिक अनुभव. साडेपांच तासांच्या शाळेंतले तीन तास वीस मिनिटें उद्योगास द्यावयाचे होते. घाईनें तयार झालेल्या गुरुजीच्या हातीं त्या वेळाचें निवळ सूत झालें, आणि गणित पूर्वींप्रमाणेंच फळ्यावर वेगळें उरलें. पुढें लोकांनीं तकलीला हंसून निरोप दिला. आमच्या मतें दोष तकलीचा नव्हता.

मधला काळ आम्ही झपाट्यानें ओलांडतों. पुण्यास १९८४ सालीं बालचित्रवाणी निघाली. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर खडू-फळा योजना आली, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षण व प्रशिक्षण संस्था स्थापन झाल्या. या संस्थांत शैक्षणिक तंत्रज्ञानाची एक स्वतंत्र शाखा असावी, हें मुळांतच ठरलेलें होतें. साधनाचा आणि शिक्षकाच्या तयारीचा संसार एका छपराखालीं मांडण्याचा तो विचार जर्व्हिसच्या विचाराहून फारसा निराळा नव्हता.

तिसरें साधन म्हणजे पडदा. धुळें जिल्ह्यांत तो ज्या रीतीनें आला तिची हकीकत अभिमानाची आहे. मूळचे धुळ्याचे आणि अमेरिकेंत नोकरीस असलेले हर्षल विभांडिक गांवोगांव हिंडले. त्यांनीं लोकांस आवाहन केलें, कांहीं वांटा स्वतः उचलला, आणि उरलेला गांवकऱ्यांनीं वर्गणी काढून भरला. २०१७ च्या सुमारास जिल्हा परिषदेच्या अकराशेंवर शाळा ‘डिजिटल’ झाल्या, आणि असा राज्यांतला पहिला जिल्हा म्हणून धुळ्याचें नांव गाजलें. शेतमजुरानें शाळेच्या प्रोजेक्टरास पैसे द्यावेत, ही गोष्ट लहान नव्हे. म्हणूनच त्या पैशाचें पुढें काय होतें, याची चौकशी करण्याचा हक्क त्याला आहे.

या खेपेस साधन आधीं आलें आणि शिक्षकाची तयारी मागून धांवत राहिली. २०१७ मध्येंच केंद्राचें ‘दीक्षा’ हें संकेतस्थळ उघडलें. २०१९ मध्यें ‘निष्ठा’ प्रशिक्षण सुरू झालें, आणि महामारींत तेंहि पडद्यावरच गेलें. शिक्षक शिकले, नाहीं असें नाहीं. परंतु पडदा चालू करणें आणि पडद्यानें शिकविणें यांत सूत आणि समवाय यांइतकेंच अंतर आहे. शिवाय येथें भाषेचा एक गुंता आहे. साक्रीच्या किंवा शिरपूरच्या डोंगरपट्टींतलें मूल घरीं अहिराणी, भिली किंवा पावरी बोलतें, आणि पडद्यावरील तयार पाठ बोलतो ती पुस्तकी मराठी. तेंच यंत्र आवाज टिपूनहि घेतें. आजीची अहिराणी गोष्ट वर्गांत आणणें त्याला मुळींच अवघड नाहीं. तें सुचावें लागतें, आणि सुचण्याची जागा म्हणजे अध्यापक विद्यालय.

त्या विद्यालयांची स्थिति सांगतांना मन खिन्न होतें. शतकाच्या आरंभीं तीं भराभर निघालीं. पुढें भरती थांबली तशीं ओस पडत गेलीं. जीं उरलीं आहेत तेथें अजून सराव पाठ होतात, पाठाचें टाचण लिहिलें जातें, आणि त्यांत ‘शैक्षणिक साहित्य’ असा एक रकाना असतो. पूर्वीं त्यांत ‘खडू, फळा’ लिहीत, आतां ‘प्रोजेक्टर’ लिहितात. रावेर-यावलकडच्या वर्गांत केळीच्या खोडाचें चलत्चित्र दाखवावें, कीं मुलांना उठवून शेजारच्या बागेंत न्यावें आणि चित्र दाखवावें तें खोडाच्या आंतल्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या रचनेचें, हें त्या रकान्यापुढें लिहावयास जागा नसते. पाठ तपासणाऱ्या अध्यापकांनीं टाचणावर सही करण्यापूर्वीं एवढें तरी तोंडी विचारावें, अशी आमची त्यांस विनंति आहे.